पाच आणि पाच-अ

पुष्कर खांबेटेने आयुष्यात एकच नियमावली शेवटपर्यंत वाचली नाही, आणि नेमकी तीच त्याला नडली.

एरवी वाचणं हाच त्याचा धंदा होता. कार्डिफमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत तो कम्प्लायन्समध्ये होता. म्हणजे बाकीचे लोक नियम पाळतात की नाही हे बघत बसायचं, आणि पाळत नसतील तर त्यांना अत्यंत सभ्य भाषेत घाबरवायचं. ही सवय ऑफिस सुटलं तरी सुटायची नाही. घरात नवा टोस्टर आला तेव्हा त्याने आधी माहितीपत्रकाची अठ्ठावीस पानं वाचली आणि मग पाव शोधला, तर पाव संपला होता. बायकोने आणि मुलीने तो न भाजता, उभ्या उभ्या खाऊन टाकला होता.

तर मे महिन्यात शेजारच्या गॅरेथने एक पत्रक आणून दिलं. गॅरेथ पोस्टमन होता, त्यामुळे त्याने दिलेला कागद सरकारी कामाचा की त्याच्या स्वतःच्या कामाचा, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नसे. हा त्याच्या स्वतःच्या कामाचा होता. जूनच्या शेवटच्या शनिवारी पार्कात रेसिडेंट्स असोसिएशनची जत्रा, आणि जत्रेत मोठ्या माणसांसाठी लाकडी घोड्यांची शर्यत. काठीला घोड्याचं तोंड लावायचं, काठी दोन पायांत धरायची आणि धावायचं. साठ मीटर, वाटेत तीन बुटके अडथळे. घोडा ज्याने त्याने आपापला बनवायचा.

"तीन वर्षं मीच जिंकतोय," गॅरेथ म्हणाला. त्यात बढाई नव्हती. सगळं आयुष्य लोकांच्या पायऱ्या चढण्यात आणि कुत्र्यांपासून पळण्यात गेल्यावर साठ मीटरचं काय कौतुक.

पुष्करच्या बायकोने, नीनाने, ते पत्रक कॉफी पिता पिता वाचलं आणि कप खाली ठेवून म्हणाली, "मी नाव देतेय."

"कशाला?" पुष्कर म्हणाला.

"धावायला."

इथे पुष्करचं काय झालं ते समजायला एवढंच सांगितलं पाहिजे की गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये नीनाच्या हृदयाची एक झडप दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती उत्तम झाली होती. सहा महिन्यांनी सर्जन म्हणाले, "आता सगळं करा." यावर नीना 'थँक्यू' म्हणाली आणि पुष्करने विचारलं, "सगळं म्हणजे नेमकं काय काय?" सर्जन म्हणाले, "सगळं." पुष्करने हे लेखी मिळेल का विचारलं. नीनाने त्याला बाहीला धरून बाहेर आणलं.

नीना तिच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये परत रुजू झाली, सकाळी पार्कात चालायला लागली, मग हळूहळू पळायला लागली. सगळं सुरळीत झालं, फक्त पुष्कर सोडून. ती जिना चढायला लागली की हा दोन पायऱ्या मागे, दोन्ही हात किंचित पुढे, जणू वरून कोणी मडकं सोडणार आहे. ती भाजीची पिशवी उचलायला वाकली की पिशवी तिथे नसायची, पुष्करच्या हातात असायची. सुरुवातीला नीनाला हे बरं वाटलं. मग सवयीचं झालं. मग एक दिवस बस-स्टॉपवर तिने मागे वळून बघितलं, तर हा हात पसरून उभा, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला मिठी मारायची आहे असं समजून पर्स छातीशी घट्ट धरलेली. त्या दिवसापासून नीना नुसतं "पुष्कर, हात" म्हणायची, आणि तो हात खिशात घालायचा.

त्यामुळे शर्यतीला विरोध करण्यात अर्थ नव्हता. त्याने लंडनमधल्या हाउन्सलोला शार्दूलला फोन लावला. शार्दूल त्याचा कॉलेजचा मित्र, एअरपोर्टवर कार्गोत होता, आणि विमानातून जाणारे खरे रेसचे घोडे त्याने पाहिले होते. तेवढ्या भांडवलावर मित्रमंडळींत तो घोड्यांचा अधिकारी गणला जायचा.

"एक लक्षात ठेव," शार्दूल म्हणाला, "घोडा एकटा कधी पाठवत नाहीत. बिथरतो. शेजारी दुसरा घोडा लागतो. तो काही करत नाही, नुसता शेजारी उभा असतो. पण पहिला शांत राहतो."

शार्दूल खऱ्या घोड्यांबद्दल बोलत होता. पण पुष्करने फोन ठेवला तेव्हा त्याचं ठरलं होतं. आपणही नाव द्यायचं. जिंकायचं नाही. नुसतं शेजारून धावायचं. पडलीच तर हात पोचेल एवढ्या अंतरावर. आणि हे नीनाला आधी सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि ती नको म्हणाली तर ते बरोबर असेल.

नाव नोंदवायचा फॉर्म आला तो बघून पुष्करच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालकाचं नाव, ट्रेनरचं नाव, जॉकीचं नाव, घोड्याचं नाव (अठरा अक्षरांच्या आत), जॉकीच्या पोशाखाचे रंग. हा फॉर्म मिस्टर प्रिचर्ड यांनी तयार केला होता. प्रिचर्ड तीस वर्षं खऱ्या रेसकोर्सवर पंचांच्या खोलीत सेक्रेटरी होते. रिटायर झाले तेव्हा त्यांच्याजवळ नियम भरपूर उरले होते आणि लावायला कोणी नव्हतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हा असोसिएशनने शर्यत त्यांच्या हवाली केली, आणि त्यांनी तिच्यासाठी बावीस पानांची नियमावली लिहून काढली. फॉर्मसोबत तीही आली होती. पुष्करने दुसऱ्या पानापर्यंत वाचली. पण ऑफिसच्या प्रिंटरवर निघालेला फॉर्म बॉसला दिसण्याआधी भरायचा होता, म्हणून बाकीची वीस पानं त्याने नंतरसाठी ठेवली. घोड्याचं नाव सुचेना, म्हणून त्या रकान्यात ऑफिसच्या सवयीने 'टू बी कन्फर्म्ड' लिहिलं, आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी प्रिचर्डांची ईमेल आली. आपला घोडा 'टू बी कन्फर्म्ड' याची नोंद झाली आहे.

पुष्करने ताबडतोब उत्तर दिलं की हे नाव नसून नावाचं स्टेटस आहे. प्रिचर्डांनी कळवलं की घोड्याला स्टेटस नसतं, नाव असतं. बदलायचं असल्यास फॉर्म ब, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, गुरुवारी दुपारी बाराच्या आत. ती ईमेल पुष्करला गुरुवारी साडेबाराला दिसली. आपण ऑफिसात लोकांना नेमक्या अशाच ईमेल पाठवतो हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला त्या लोकांविषयी पहिल्यांदाच काहीतरी वाटलं.

घोडा बनवायचं काम गॅरेथच्या शेडमध्ये चाललं. गॅरेथला गुपित सांगणं भाग होतं, कारण पुष्करला खिळासुद्धा ठोकता येत नव्हता. गॅरेथने जुना फुटबॉलचा मोजा दिला, आत भरायला कापूस दिला, आणि सल्ले तर न मागता दिले. "काठी हलकी घे. आणि आयाळ पाहिजे. आयाळीशिवाय तो कुत्रा दिसतो." आयाळीसाठी पुष्करने घरातला मॉप उचलला. काठीही त्याचीच, आयाळही त्याचीच, असा तो दुहेरी हिशेब होता. मोज्याचं तोंड भरता भरता इतकं लांबलं की घोडा मुंग्या खाणाऱ्या प्राण्यासारखा दिसायला लागला. गॅरेथने लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि म्हणाला, "पळताना कोणाला दिसतंय."

संध्याकाळी नीनाने विचारलं, "मॉप कुठे गेला?"

"तुटला."

"तुटलेला कुठेय?"

"टाकला."

"कचऱ्याचा बिन तर कालच गेला ना? मग टाकला कधी?"

पुष्कर म्हणाला, आज टाकला, कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे गावाच्या कचरा डेपोवर नेऊन. एका मॉपसाठी गाडी काढून टिपवर गेलास का, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याला जुना मायक्रोवेव्हही टाकल्याचं सांगावं लागलं. मग तो खरंच टाकावा लागला. तो जुना होता एवढंच, बिघडलेला नव्हता.

इकडे नीनाचा घोडा डायनिंग टेबलावर राजरोस तयार होत होता. जुन्या काळ्या मखमली ब्लाउजचं तोंड, जरीच्या काठाचा लगाम, डोळ्यांना मोठी काळी बटणं. मदतीला तेरा वर्षांची सिया.

"आई, माझी घोडाला eyelashes पाहिजे," सिया म्हणाली.

"माझ्या घोड्याला."

"तुझ्या नाही, माझ्या."

नीनाने व्याकरण सोडून दिलं आणि पापण्या लावल्या. नाव ठेवलं 'झणझणीत'. नीना नागपूरची होती.

शर्यतीच्या दिवशी पार्कात लखलखीत ऊन होतं. कार्डिफच्या मानाने ते इतकं अनपेक्षित होतं की निम्मे लोक हातात रेनकोट घेऊन घाम पुसत होते. एका तंबूत चहा आणि वेल्श केक, दुसऱ्यात पंच, मधे दोरी लावलेली धावपट्टी. शेजारी एक फळा, त्यावर घोड्यांची नावं आणि नंबर. लोक रॅफलची, म्हणजे बक्षिसाच्या सोडतीची, तिकिटं घेऊन आपापला घोडा निवडत होते. नीनाने फळा वाचला. पाच: झणझणीत, मालक खांबेटे. पाच-अ: टू बी कन्फर्म्ड, मालक खांबेटे.

"सिया, तू पण नाव दिलंस?"

"मी नाही," सिया म्हणाली आणि बुटाची लेस बांधायला खाली बसली. तिला आठवड्यापूर्वीच सगळं कळलं होतं. गॅरेथच्या शेडला खिडकी होती.

काहीतरी टायपिंगची चूक असेल, असं म्हणून नीना रेषेवर जाऊन उभी राहिली. आठ स्पर्धक आधीच उभे होते. सातवा आणि आठवा यांच्या मागून, अंगावर ऑफिसच्या टीम-डेचा केशरी टी-शर्ट, पायांत मुंगीखाऊ, असा पुष्कर आला आणि तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

नीनाने आधी त्याच्याकडे बघितलं नाही. तिने काठीकडे बघितलं.

"हा माझा मॉप आहे," ती म्हणाली.

"हो."

"तू टिपवर नेलेला."

"नीना, मी नुसता शेजारी—"

"काहून आलास बे तू इथं?" चिडल्यावर नीनाचं नागपूर वर यायचं. पुढचं बोलायला वेळ मिळाला नाही, कारण प्रिचर्डांनी झेंडा खाली केला होता.

नीना सुटली. पुष्करला नंतर एवढंच आठवलं की ती त्याच्या अपेक्षेपेक्षा फार वेगात सुटली. पहिल्या अडथळ्याला गॅरेथ आणि नीना बरोबर होते. दुसऱ्याला नीना अर्धा हात पुढे. लाउडस्पीकरवरचा माणूस 'झणझणीत' हा शब्द दर वेळी निराळा उच्चारत होता. मागे पुष्कर जिवाच्या आकांताने धावत होता, आणि त्याला शर्यत दिसत नव्हती, फक्त नीनाच्या पांढऱ्या बुटाची टाच दिसत होती. तिसऱ्या अडथळ्यावरून ती टाच गेली ती फळीला जरा घासून गेली. तेवढंच. नीना डगमगलीसुद्धा नाही. पण त्याच वेळी उजवीकडून गॅरेथ तिच्या खांद्याशी आला, आणि पुष्करला वाटलं की आता धक्का लागणार, ती पडणार.

त्याने झेप घेतली. हात पसरून, दोघांच्या मधे. मॉपची काठी गॅरेथच्या घोड्याच्या लगामात अडकली, गॅरेथ पुष्करच्या पाठीवरून पलीकडे गेला, मुंगीखाऊचं तोंड सुटून प्रेक्षकांत जाऊन पडलं. आणि नीना, मागे काय झालं याचा पत्ता नसलेली, दोन्ही हात वर करून पहिली आली.

तिने मागे वळून बघितलं तेव्हा पंचांच्या तंबूवर चौकशीचा लाल झेंडा चढत होता.

तंबूत टेबलाला हिरवं कापड होतं. मधे मिस्टर प्रिचर्ड, शेजारी लायब्ररीतल्या मिसेस बोवेन. समोरच्या खुर्च्यांवर नीना, पुष्कर, आणि कोपराला बर्फाची पिशवी धरलेला गॅरेथ. मागे सिया आणि चहाचे कप घेऊन आत शिरलेली निम्मी जत्रा.

प्रिचर्डांनी चष्मा लावला आणि नियम चौदा वाचला. एकाच मालकाचे किंवा एकाच घरातले दोन घोडे ही जोडनोंद समजावी. दोघांना एकच नंबर, तिकिटाच्या दृष्टीने दोघे मिळून एकच घोडा. त्यांतल्या एकाने इतरांना अडवलं आणि त्याचा फायदा दुसऱ्याला झाला, तर दोन्ही घोडे बाद.

"हा नियम कशासाठी आहे?" नीनाने विचारलं.

मिसेस बोवेन खालच्या आवाजात म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी एका कुटुंबाने तीन घोडे आणले होते. बाप आणि थोरला भाऊ आडवे धावले, आणि धाकटा जिंकला. त्यानंतर ते दुसरीकडे राहायला गेले."

पुष्कर उभा राहिला. "माझ्यामुळे तिला बाद करू नका. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं."

"ते सिद्ध करता आलं पाहिजे," प्रिचर्ड म्हणाले. आपली नियमावली कोणीतरी गांभीर्याने घेतंय म्हणून त्यांच्या गालांवर रंग आला होता. "चौदा-क. दोघांत संगनमत नसेल, तर पंच वेगळा विचार करू शकतात. मिसेस खांबेटे, या शर्यतीविषयी तुमचं दोघांचं काही बोलणं झालं होतं?"

"नाही," नीना म्हणाली.

"दोन्ही घोडे एकाच घरात तयार झाले?"

"नाही. त्याचा घोडा म्हणजे माझा मॉप आहे. तो टिपवर नेऊन टाकला असं मला सांगण्यात आलं होतं. सोबत एक चांगला मायक्रोवेव्हही गेला."

मिसेस बोवेन यांनी 'मायक्रोवेव्ह' असं लिहून घेतलं. गॅरेथ म्हणाला की मॉपची गोष्ट खरी आहे, तो आपल्याच शेडमध्ये होता. मग सियाला विचारलं. इंग्रजीत सियाला घोडा-घोडीची भीती नव्हती, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलली. म्हणाली, "आईबाबा संगनमत करूच शकत नाहीत. बाबा आईला काही विचारत नाही. तो फक्त तिच्या मागे चालतो. ती किटली उचलते तरी तो श्वास रोखून बघतो. मी मोजलंय."

तंबूत कोणीतरी हसलं. पुष्करचे कान लाल झाले. नियम मोडणारी माणसं इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायची, आणि ती बाजू इतकी खोल असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मिस्टर खांबेटे," प्रिचर्डांनी विचारलं, "तुम्हाला जिंकायचं नव्हतं. बायकोला जिंकवायचंही नव्हतं. मग नाव कशासाठी दिलंत?"

"ती पडेल म्हणून."

"अडथळ्यावर?"

"कुठेही."

प्रिचर्डांनी पेन खाली ठेवलं. पुष्करला वाटलं, एवढं उत्तर पुरेसं आहे. ऑफिसात तो लोकांना हेच सांगायचा: विचारलं तेवढंच सांगा. पण तो बसला नाही.

"गेल्या वर्षी जानेवारीत ती किचनमध्ये पडली," तो म्हणाला. "मी घरूनच काम करत होतो, बाजूच्या खोलीत. कॉलवर होतो. मला पातेलं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, नुसतं पातेलं पडलं. मी बोलत होतो ते वाक्य आधी पूर्ण केलं. मग गेलो. ती फरशीवर होती, ओठ निळे पडले होते. अँब्युलन्सवाल्यांना मी सांगितलं की लगेच गेलो. हिलाही तेच सांगितलं. पण लगेच नव्हतं. आधी वाक्य पूर्ण केलं होतं."

प्रिचर्ड कुठेतरी दुसरीकडेच बघत होते, तंबूच्या दाराबाहेर, जिथे काही नव्हतं.

नीनाने पुष्करकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच, मॉपकडे न बघता. मग ती मराठीत म्हणाली, "किती मोठं वाक्य होतं?"

"काय?"

"वाक्य. किती मोठं होतं?"

पुष्करने आठवून बघितलं. आठवायची गरज नव्हती, पाठ होतं. "'पुढच्या आठवड्यात ड्राफ्ट पाठवतो.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"वेड्या," ती म्हणाली. "मी पडल्यावर पहिल्यांदा गॅस बंद आहे का ते बघितलं. तू आलास तेव्हा मी अजून तेच बघत होते." आणि तिने डोळे पुसायला रुमाल शोधला तो मिळाला नाही, म्हणून झणझणीतच्या मखमली कानाने पुसले.

मिसेस बोवेन यांनी हळूच विचारलं की हे संभाषण नोंदीत घ्यायचं आहे का. प्रिचर्ड म्हणाले, नाही.

संगनमत नव्हतं हे तर सिद्ध झालं. पण फायदा झाला की नाही हा प्रश्न उरलाच. प्रिचर्डांनी गॅरेथला विचारलं, "आडवे आले नसते तर तुम्ही मिसेस खांबेटेंच्या पुढे गेला असतात?"

गॅरेथने प्रामाणिकपणे विचार केला. तो शेजारी होता, आणि आत्ताचं सगळं त्यानेही ऐकलं होतं. 'नाही' म्हणाला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "गेलो असतो. नसतोही गेलो."

"थँक्यू," नीना म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं. गेल्या वर्षभरात तिला कोणी हरवायला तयारच नव्हतं.

मग प्रिचर्डांनी निकाल दिला. पाच-अ बाद. पाच बाद नाही, पण पहिलाही नाही. बाकीचे बरेच मागे होते. त्यामुळे झणझणीत आणि गॅरेथचा घोडा यांनी पुन्हा धावावं, दोघांनीच, दहा मिनिटांनी. पाच-अचे मालक दोरीच्या बाहेर उभे राहतील.

"पण ती आत्ताच एकदा धावलीय," पुष्कर म्हणाला. "आणि याचं कोपर—"

"मिस्टर खांबेटे, बाद झालेल्या घोड्याला मत नसतं."

"पुष्कर," नीना म्हणाली. एवढंच म्हणाली.

तो दोरीच्या बाहेर जाऊन उभा राहिला, शेवटच्या खांबापाशी. शेजारी सिया. सियाने त्याचा हात धरला नाही, धीरही दिला नाही. ती फोनवर व्हिडिओ काढत होती.

झेंडा पडला. या वेळी गॅरेथ जरा पुढे होता. एका हाताने कोपर पोटाशी धरूनही तो पोस्टमनसारखा धावत होता. पहिला अडथळा. दुसरा. नीना त्याच्या पाठोपाठ, तोंड लाल, केस सुटलेले. तिसऱ्यावर तिचा पाय फळीला लागला, आणि ती पडली.

सरळ पडली. हातांवर, गुडघ्यांवर. घोडा पुढे घरंगळला. जत्रेतून एकच 'ओह' निघाला.

पुष्करचा उजवा पाय दोरीपलीकडे गेलासुद्धा. कधी गेला ते त्याला कळलं नाही. एक पाय आत, एक बाहेर, आणि मधे ती पांढरी दोरी, आणि वीस पावलांवर नीना, गवताकडे बघत. तिची पाठ वरखाली होत होती. एक श्वास. दुसरा. गॅरेथ थांबून मागे बघत होता. नीनाने मान वर न करता हाताने त्याला खूण केली, जा, पुढे जा. गॅरेथ गेला. तिने पुष्करकडे बघितल्याचं दिसलं नाही. मदत हवी आहे की नको, यातलं काहीच तिच्या पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

वीस पावलं. तीन सेकंदांत पोचला असता.

त्याने पाय परत घेतला. इतकं अवघड काम त्याने याआधी केलं नव्हतं, आणि ते करताना त्याला बघणारं कोणी नव्हतं, सगळे नीनाकडे बघत होते. त्याने दोरी दोन्ही हातांनी पकडली आणि तिथेच उभा राहिला.

तिसऱ्या श्वासाला नीना उठली. घोडा उचलला, त्याच्या पापण्यांवरचं गवत झटकलं, काठी पायांत घेतली आणि उरलेले पंधरा मीटर धावत आली. गॅरेथ केव्हाच जिंकून, आपला घोडा काखेत धरून टाळ्या वाजवत होता. लाउडस्पीकरवरच्या माणसाने 'झणझणीत' हा शब्द या वेळी बरोबर उच्चारला. प्रिचर्डांनी हॅट काढली. नियमावलीत तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

नीना दोरीपाशी आली. दोन्ही गुडघ्यांवर हिरवे डाग, तळहात खरचटलेले, श्वास अजून तुटक.

"तुझा पाय आत होता," ती म्हणाली.

"एक."

"बघितला मी."

"मला वाटलं, तू बघत नव्हतीस."

"मग काय गवत मोजत होते?" तिने श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते पुष्करला नीट वाचता येईना. त्याने नाद सोडला. "गुडघा दुखतोय. आता धर."

पुष्करने झटकन हात पुढे करून तिच्याकडून घोडा घेतला.

"घोडा नाही," नीना म्हणाली. "मला."

मग घोडा सियाकडे गेला, आणि नीनाने दोरीखालून वाकून येऊन आपला हात त्याच्या हातात अडकवला. चहाच्या तंबूकडे ती दोघं निघाली, सावकाश, एका लयीत लंगडत, कारण त्याच्याही पाठीवरून पोस्टमन गेलेला होता. नीनाने आपला भार त्याच्यावर टाकला होता, अगदी बिनदिक्कत. तो त्याच्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. त्याने याविषयी कुठेही वाच्यता केली नाही.